दाराआडून ऐकलेला अंक

नाथानं मोबाईल पुढं केला तेव्हा बजरंगराव जेवून नुकतेच ओसरीवर टेकले होते. क्लिप अठरा सेकंदांची होती. कुठल्याशा हॉलमध्ये एक पोरगी गात होती आणि टोपी घातलेला एक पोरगा तिचा हात धरून उभा होता. पोरगी दिपाली होती, त्यांच्या मयत धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी.

"कुठलं हाय हे?"

"बीडचं, दादा. संगीत नाटक हाय म्हणं, आज चार वाजता. परदेशातली कायतरी प्रेमाची गोष्ट." नाथा त्यांची गाडी चालवायचा आणि गावाच्या खबराही आणायचा. त्यानं आवाज उतरवला. "पोरगा मोंढ्याच्या बाजारातल्या फळवाल्याचा हाय. अरमान नाव त्याचं."

बजरंगरावांनी क्लिप पुन्हा पाहिली आणि आत वळून हाक मारली, "दिपालीची माय!"

सत्यभामा पदर सारखा करत बाहेर आली. ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. नवरा, सोमनाथ, विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा दिपाली चार वर्षांची होती. तेव्हापासून थोरल्या दिरानंच दोघींना सांभाळलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. दिपालीला खांद्यावर बसवून त्यांनी जत्रा दाखवली, दहावीला सत्त्याऐंशी टक्के पडले तेव्हा गावभर पेढे वाटले आणि गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बीडमध्ये खोली घेऊन दिली. आता अंबाजोगाईचं एक स्थळ त्यांनीच आणलं होतं आणि ती माणसं उद्या सोमवारी बघायला येणार होती.

सत्यभामानं क्लिप पाहिली. दिपाली वनमालाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडं गाणं शिकते, एवढं तिला ठाऊक होतं. नाटकाचं पोरीनं अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"न्हाई, दादा. गाणं शिकते एवढंच."

"गाडीत बस. आजच घेऊन यायचं तिला. ते नाटक व्हायच्या आधी."

गाडी धारूरचा घाट उतरली. तेलगाव मागं पडलं, वडवणी मागं पडली. पुढच्या सीटवरून बजरंगराव दर दहा मिनिटांनी दिपालीला फोन लावत होते आणि फोन बंद येत होता. मागं बसलेली सत्यभामा मनातल्या मनात पोरीशी भांडत होती. आईला सुद्धा सांगावंसं वाटलं न्हाई तुला? मी काय खाल्लं असतं तुला? वडवणीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथं अर्धा तास मोडला. सभागृहाच्या आवारात गाडी शिरली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बजरंगराव थेट मागच्या दाराकडं निघाले. तेवढ्यात मुख्य दारातून खणखणीत आवाज आला, "अरे बजरंगराव! तुमी पन आलात का? वा!"

विजयसिंह होते. तालुक्याचे पुढारी. बजरंगराव पंचायत समितीवर निवडून आले ते यांच्याच पॅनलमधून. आज ते नाटकाचे प्रमुख पाहुणे होते, गळ्यात हार तसाच होता. त्यांनी बजरंगरावांच्या खांद्यावर हात टाकला आणि बोलत बोलत त्यांना आतच नेलं. त्यांचा हात झटकून जाणं बजरंगरावांना शक्य नव्हतं. विजयसिंह पहिल्या रांगेत बसले आणि त्यांच्या बरोबर मागच्या खुर्चीत बजरंगरावांना बसावं लागलं. त्यांच्या शेजारी सत्यभामा. नाथा दारापाशी उभा राहिला.

"मध्यंतर झालं की जायचं," बजरंगराव ओठ न हलवता म्हणाले, "अन् तिला मागच्या दारानं काढून आणायचं. गाजावाजा नको."

दिवे गेले. पडदा सरकला.

सत्यभामानं जत्रेतल्या करमणुकीशिवाय काही पाहिलं नव्हतं. समोर एक बंदर होतं. लिस्बन नावाचं शहर, पोर्तुगाल देशातलं, असं आधी माइकवर सांगितलं होतं. प्लायवूडचा धक्का, त्याला बांधलेले दोर, मागं चुन्यासारखी पांढरी घरं रंगवलेली. धक्क्याच्या पलीकडं निळ्या नायलॉनच्या साड्या कोणीतरी दोन्ही टोकांना धरून हलवत होतं आणि त्या खरोखर पाण्यासारख्या दिसत होत्या. कोळणी आल्या, खलाशी आले. सगळे मराठीतच बोलत होते. मागच्या रांगेतल्या पोरांना त्याचं हसू आलं. कोणीतरी ओरडलं, "लिस्बनवाले, बीडला कवा आलात बे?" लोक खिदळले.

मग दिपाली आली.

सत्यभामानं तिला आधी ओळखलंच नाही. गडद तपकिरी झगा, केस रुमालात बांधलेले, मांडीवर फाटकं जाळं. इनेस तिचं नाव. धक्क्यावर बसून जाळी विणणारी मुलगी. ती वर न बघता जाळ्यातून सुई काढत राहिली, आणि त्यातच गाणं सुरू झालं:

गलबत येतं, गलबत जातं, धक्का जागीच राहतो;
ज्याला कुठंच जाता येत नाही, तोच वाट पाहतो.

पेटीचा सूर अगदी बारीक होता. मागची पोरं पुन्हा काहीतरी बोलायला गेली आणि त्यांना दुसऱ्याच कोणीतरी गप्प केलं. सत्यभामा मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. घरात भांडी घासताना गुणगुणणारी ती पोरगी, आणि हा आवाज! हा आवाज तिनं कधी कमावला? कोणत्या दिवसांत? आपण फोनवर फक्त जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच विचारत होतो तेव्हा?

शेजारच्या खुर्चीत बुरख्यातली एक बाई बसली होती. चेहरा उघडा होता. ती मान किंचित पुढं काढून सगळं बघत होती. टोपी घातलेला खलाशी जहाजावरून उतरला तसा तिनं सत्यभामाचा हात एकदम दाबला.

"तो टोपीवाला... माझा पोरगा हाय जी," ती कुजबुजली. "अरमान. घरात कुणाला सांगितलं न्हाई मी. त्याचे अब्बा फळांच्या गाड्यावर हायेत. मी दवाखान्याचं नाव सांगून आलते."

सत्यभामानं चटकन डावीकडं पाहिलं. बजरंगराव समोर बघत होते. त्यांचा गुडघा एकसारखा हलत होता.

"लई चांगली गाती ती पोरगी," बाई पुढं म्हणाली. "तिची माय आली असंल का वो?"

सत्यभामानं नजर स्टेजवरच ठेवली.

गोष्ट पुढं सरकली. इनेसच्या बापानं तिला मिठाच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं कबूल केलं होतं. दुआर्त नावाच्या खलाशाचं जहाज डागडुजीसाठी तीन दिवस बंदराला लागलं. पहिल्या दिवशी तो शीड शिवून घ्यायला आला, दुसऱ्या दिवशी काहीच काम नसताना आला. दोघांचं एकत्र गाणं झालं आणि त्यात त्यानं तिचा हात धरला. मागून शिट्टी आली. मग दुसरी. बजरंगरावांच्या मानेची शीर ताठ झालेली सत्यभामाला अंधारातही दिसली. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन्ही पंजे रोवले. आता उठणार, सत्यभामाला वाटलं. आता उठणार, ओरडणार, आणि ही चारशे माणसं आपल्याकडं वळणार. तिनं डोळे मिटून घेतले.

ते उठले नाहीत. समोर विजयसिंहांचं डोकं होतं. गाणं संपलं तसं ते डोकं डोललं आणि विजयसिंहांनी सगळ्यांआधी टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी दुआर्त म्हणाला, "पहाटेच्या भरतीला आमचं जहाज सुटेल. तुझ्यासाठी मी शिडी खाली ठेवीन." इनेस हातातल्या जाळ्याकडं बघत उभी राहिली आणि पडदा पडला.

दिवे लागले. विजयसिंह मागं वळले. ते खुशीत होते.

"बजरंगराव, पोरगी कोणाची हो ही? काय गळा हाय! धारूरकडची हाय असं ऐकलं. तुमच्याच भागातली. वळखता का?"

सत्यभामानं दिराकडं पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली. मग ते म्हणाले, "न्हाई, साहेब. माहीत न्हाई मला."

"चौकशी करा. सत्कार करू तिचा," म्हणून विजयसिंह चहाला गेले.

बजरंगराव सत्यभामाकडं न बघता म्हणाले, "जा. घेऊन ये तिला. दहा मिनिटांत गाडीत पायजे."

ती उठली. सभागृहाच्या बाजूनं एक बोळासारखा रस्ता मागं जात होता आणि त्याच्या शेवटी रंगपटाचं दार होतं. चालताना तिच्या कानात एकच वाक्य होतं. माहीत न्हाई मला. दिराच्या रागाचं कारण तिला कळत होतं. पोरीला ओढून न्यायचं, ओरडायचं, मारायचं सुद्धा, हे सगळं तिनं गाडीत मनाशी धरलं होतं. पण ज्यानं लेकरू खांद्यावर वाढवलं त्यानंच माणसांत ते नाकारावं, हे तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

दार ढकललं तशी दिपाली आरशापुढून उठली. चेहऱ्याला रंग, हातात पाण्याचा ग्लास. आईला बघून ती जागीच थिजली.

"आई... मी सांगणार होते गं."

"कवा? लगीन झाल्यावर?"

दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगितलं असतं तर तू दादांना विचारलं असतंस. अन् ते न्हाई म्हणले असते."

हे खरं होतं.

"दादा आलेत. बाहेर गाडी उभी हाय. तुला घेऊन चल म्हणतात, आत्ताच्या आत्ता."

खोलीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. कोपऱ्यात अरमान टोपी हातात घेऊन उभा होता. मिसरूड फुटलेला पोरगा, स्टेजवर वाटला त्याच्या निम्मा. पांढऱ्या केसांच्या वनमालाबाई पुढं झाल्या.

"तुम्ही आई आहात, मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "न्यायची असेल तर न्या. मी बाहेर जाऊन लोकांना सांगते, नाटक इथंच संपलं. फक्त पाच मिनिटांत सांगा मला."

सत्यभामानं दिपालीला खिडकीशी ओढलं. "खरं सांग. त्या पोराचं काय हाय?"

"काय न्हाई, आई. तुझी शपथ. तो सकाळी गाड्यावर बसतो, दुपारी कॉलेजला जातो, संध्याकाळी तालमीला येतो. स्टेजवरून उतरला की माझ्याकडं गणिताच्या नोट्स मागतो." दिपालीनं नाक पुसलं. "तू म्हण, मी येते. झगा बदलते अन् येते. पण मग मला पुन्हा गा म्हणू नका कोणी. घरात पण न्हाई."

बाहेर पहिली घंटा झाली.

सत्यभामानं पोरीकडं नीट पाहिलं. रुमालातून केसांची एक बट सुटली होती. तिनं ती हातानं आत खोचली, गाठ घट्ट केली.

"मी बाहेर हाय," ती म्हणाली. "आतून कडी लाव. मी म्हणल्याबिगर उघडू नको."

बाहेर येऊन तिनं दाराला पाठ लावली. आत कडी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. बोळात कोणी नव्हतं. तिनं दोन्ही हात मागं नेऊन चौकट धरली.

दुसरी घंटा झाली. बोळाच्या तोंडाशी बुरख्यातली बाई आली. खुर्ची रिकामी बघून शोधत आली होती. "ताई, काय झालं? बरं वाटत न्हाई का?"

"ती पोरगी माझी हाय," सत्यभामा म्हणाली. "माझे दीर तिला न्यायला येत्यात. अर्ध्यातून."

बाईच्या तोंडाचा रंग उडाला. ती तिथून निघून गेली असती तरी सत्यभामानं तिला बोल लावला नसता. पण ती आली, आणि सत्यभामाच्या उजव्या अंगाला भिंतीशी उभी राहिली. "चाँदबी नाव माझं," एवढंच म्हणाली.

बजरंगराव आले तेव्हा आत वाद्यं लागत होती. मागं नाथा होता.

"कुठं हाय ती?"

"आत. तिचं काम चालू व्हायलंय."

"बाजूला हो."

"न्हाई, दादा."

सोळा वर्षांत तिनं त्यांना कधी नकार दिला नव्हता. त्यांना तो आधी ऐकूच आला नसावा. नाथा पुढं सरला. "वहिनी, व्हा ना बाजूला. कशाला तमाशा," म्हणत त्यानं दार ढकलायला हात पुढं केला. सत्यभामानं तो हात मनगटाला धरून खाली केला. नाथा चपापून मागं झाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" बजरंगरावांचा आवाज चढला. "कोणासाठी करायलो मी हे? उद्या माणसं येणार हायेत. त्यांनी हे बघितलं तर काय तोंड दाखवू? लहानपनापासून हिला मी—"

"मघाशी साहेबांनी विचारलं, कोणाची पोरगी," सत्यभामा म्हणाली. "तुमी म्हणलात, माहीत न्हाई. दादा, जी पोरगी तुमाला माहीतच न्हाई, तिला कशाला न्यायला आलात?"

कोणी थोबाडीत मारावी तसे बजरंगराव एक पाऊल मागं झाले. नाथा खाली बघायला लागला.

तेवढ्यात आत गाणं सुरू झालं. मधे दार होतं, रंगपट होता, पडदे होते. एवढ्या सगळ्यातून आवाज गाळून यावा तसा येत होता. शब्द कळत नव्हते, फक्त दिपाली कळत होती. एका ठिकाणी सूर इतका वर गेला की चाँदबीनं श्वास रोखला. वरच तो थरथरला, आता तुटतो की काय असं वाटलं, आणि मग सावकाश, एकेक पायरी उतरत खाली आला.

बजरंगराव भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"नाथा," ते भिंतीकडंच बघत म्हणाले, "गाडीकडं जा तू."

"पण दादा..."

"जा म्हणलं ना."

नाथा गेला. बजरंगराव तिथंच राहिले. पुढं कितीतरी वेळ तिघं त्या बोळात उभी होती. दारामागून बोलणी येत, मधेच वाद्यं, मधेच शांतता. अरमानचा आवाज आला की चाँदबीचे ओठ हलायचे, दुवा मागत असावी. सत्यभामानं चौकट सोडली नाही. दीर पुन्हा पुढं येतील का, याचा तिला शेवटपर्यंत भरवसा नव्हता. एकदा ते वळले, दोन पावलं आले, आणि तिनं अंग ताठ केलं. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून फक्त तोंड पुसलं.

शेवटी टाळ्यांचा आवाज उठला. तो लवकर थांबला नाही. माइकवर वनमालाबाई एकेकाचं नाव सांगू लागल्या. "दिपाली सोमनाथ..." एवढं ऐकू आलं आणि पुढचं टाळ्यांत गेलं. बजरंगराव बोळातून निघून गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत चौघं होते. नाथा एवढंच म्हणाला, डिझेल टाकावं लागंल. दिपालीच्या कानामागं रंग तसाच राहिला होता. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं नाही, खिडकीला टेकून बसली. सत्यभामा दिराच्या मानेकडं बघत होती. घरी गेल्यावर काय होणार, हे तिला सांगता आलं नसतं. खोली सोडायला लावतील, क्लास बंद करतील, चूलही वेगळी करतील. तिनं एकेक गोष्ट मनात पुढं धरून बघितली. यातलं काहीही झालं तरी आपण आज केलं ते पुन्हा करू का? तिला उत्तर मिळालं आणि त्या उत्तराची तिलाच भीती वाटली.

तसं काही झालं नाही. सकाळी आठ वाजता बजरंगराव अंगणात बाजेवर बसून फोनवर बोलत होते. सत्यभामा दारातच थांबली.

"...हां, नाटकातच. काल बीडला झालं. न्हाई, लपवायचं कावून? तुमच्या कानावर दुसऱ्या कोणी घालण्यापरीस मीच सांगतो. माझी पुतणी हाय, गाती, नाटकात काम करती. पटत असंल तर या. नसंल पटत तर राहू द्या." पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत राहिलं. "ठीक हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती माणसं आली नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

दिपाली दहाच्या गाडीनं बीडला जायला निघाली. बजरंगरावांनी तिला थांबवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही. ती पाया पडली तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, एवढंच. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते सत्यभामाला म्हणाले, "एक सांगतो. पुन्हा कधी माझ्यापुढं अशी दाराला आडवी उभी राहू नको."

सत्यभामाच्या खांद्याला अंगणवाडीची पिशवी होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"तशी वेळ येऊ देऊ नका, दादा," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. मारुतीच्या पारापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.